साताऱ्याचा ऱ्या: ३३ बाइटचं कोडं सुटलं, पासवर्ड अजून अडलाय

मागच्या नोंदीनंतर आमचा निरोपांचा सर्व्हर स्ट्रिंगप्रेपवरून प्रेसिसवर नेला; नावं आणि पासवर्ड कुठल्या अक्षरांचे चालतील आणि ते कसे ताडायचे, हे ठरवणारे हे जुने आणि नवे नियम. शाहूपुरीतल्या खोलीत तोच जुना रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, निरोप पाठवायचा तोच एक्सएमपीपी प्रोटोकॉल, फक्त नावं तपासणारा भाग नवा. पहिला आनंद लगेच मिळाला: आमच्या ट्रेकिंगच्या गप्पांच्या खोलीचं (चॅट-रूमचं) नाव अखेर 'ॲडव्हेंचर' असं, खऱ्या ॲनं, ठेवता आलं. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं मानक; स्ट्रिंगप्रेप त्याच्या २००२च्या ३.२ आवृत्तीला बांधलेलं आहे आणि ॲ युनिकोडात आला २००८मध्ये, ५.१ आवृत्तीत. त्यामुळे जुन्या सर्व्हरच्या लेखी हे अक्षर अस्तित्वातच नव्हतं आणि आम्ही अ-वर चंद्र जोडून भागवत होतो. प्रेसिस कुठल्या एका आवृत्तीला बांधलेलं नाही. केवळ एवढ्यासाठीही मी ते निवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी कऱ्हाडहून मामांचा फोन आला. "अरे, नाव तेच टाकतोय, मग ओळखत का नाही?" मामांचं खातं 'साताऱ्याचा'. ते त्यांच्यासाठी मीच लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट कीबोर्डनं टाइप करून उघडलं होतं. फोनवरून मात्र सर्व्हर म्हणे, असा कुणी सदस्यच नाही.

लॉगमध्ये दोन्ही नावं हुबेहूब सारखी दिसत होती. लांबी मोजली तर लॅपटॉपचं नाव ३० बाइट, फोनचं ३३. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट खातं, म्हणजे फोनच्या नावात एक चिन्ह जास्त होतं. मला वाटलं सापडलं! ऱ म्हणजे युनिकोडात यू+०९३१, आणि तो र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा सुटा होऊ शकतो. सुटा झाला की बरोबर एक चिन्ह वाढतं. एनएफसी, म्हणजे एका अक्षराची वेगवेगळी लिखाणं एकसारखी करणारं युनिकोडचं नॉर्मलायझेशन, त्यांना पुन्हा जोडतं, तेव्हा एनएफसीची पायरी चुकत असणार, असं धरून तीन संध्याकाळी घालवल्या. पॅकेज बदललं, पायऱ्यांचा क्रम तपासला, चाचण्या लिहिल्या. सगळ्या चाचण्या पास व्हायच्या आणि मामा बाहेरच.

चौथ्या दिवशी एक्सएक्सडी हे कच्चे बाइट दाखवणारं साधन लावून बाइट पाहिले, आणि तिथे नुक्ता नव्हताच. होतं ई२ ८० ८डी, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, अक्षरं कशी जुळून दिसावीत ते सांगणारं अदृश्य चिन्ह. फोनचा कीबोर्ड ऱ्या लिहिताना साधा र, हलन्त, जॉइनर आणि मग य असं पाठवत होता. तोही एका चिन्हानं लांब, म्हणून आकडा तोच ३३. तेव्हा कळकळीनं सांगतो, अशा कामात आधी एक्सएक्सडी उघडा. लांबीवरून काही ठरवू नका, आणि दिसण्यावरून तर मुळीच नको.

ऱ्यमधल्या चंद्रकोरी रफाराच्या या दोन्ही लिखाणांना युनिकोडची मान्यता आहे. ऱ वापरायची पद्धत मुख्य, आणि जॉइनरची २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेली. पण त्यांच्यात कॅनॉनिकल समानता नाही, म्हणजे युनिकोड त्यांना एकच मजकूर मानत नाही, त्यामुळे एनएफसी त्यांना एक करत नाही, आणि नॉर्मलायझेशन बदलायचं नाही या युनिकोडच्या धोरणामुळे पुढेही करणार नाही.

स्ट्रिंगप्रेपचा कारभार तर याहून वाईट होता. आरएफसी ३४५४ या त्याच्या मानकाच्या बी.१ तक्त्यात जॉइनर 'काहीच नाही' म्हणून पुसला जातो. पुसला की ऱ्यचा र्य होतो. म्हणजे सह्याद्रीच्या दऱ्यांचा थेट दर्या! इंग्रजीला जॉइनर गेल्याचं काही वाटणार नाही, पण आपल्याकडे तो शब्दाचा अर्थ पेलतो. प्रेसिसमध्ये हलन्तानंतर आलेला जॉइनर टिकतो, हे योग्यच आहे. फक्त त्यामुळे एकसारखी दिसणारी दोन नावं शेजारी शेजारी राहू शकतात.

उपाय म्हणून प्रत्येक नावाची एक तुलना-किल्ली बनवली: आधी र-हलन्त-जॉइनरचं ऱ-हलन्त, मग उरलेले जॉइनर काढायचे, मग एनएफसी. क्रम उलटा केलात तर जॉइनर आधी जातो आणि पुन्हा दर्या हाती येतो. मी पहिल्या प्रयत्नात नेमकं तेच केलं होतं. उरलेले जॉइनर काढायचे कारण काही लोक 'विश्व'मधला श सुटा दिसावा म्हणूनही तो घालतात, तिथे अर्थ बदलत नाही. साताऱ्याचा, कऱ्हाड, दऱ्या, चऱ्हाट, विश्व: पाचही शब्द दोन्ही लिखाणांतून एकाच किल्लीवर आले, तेव्हा एकटाच टाळी वाजवली.

ही किल्ली थेट पत्त्यालाच लावायचा विचार होता, तो सोडला. प्रेसिसमध्ये नावं-पासवर्डांचं मानक आरएफसी ८२६५; त्यातल्या यूजरनेम-केस-मॅप्ड प्रोफाइलमध्ये जादा मॅपिंगला, म्हणजे अक्षरं आणखी बदलायला, जागा नाही. दुसऱ्या सर्व्हरवरच्या कुणी ३३ बाइटच्या पत्त्यावर निरोप पाठवला आणि उत्तर ३० बाइटच्या पत्त्यावरून गेलं, तर त्याच्या यादीत मामा दोनदा दिसतील. म्हणून किल्ली फक्त दोन ठिकाणी: नोंदणीत जुळं नाव नाकारायला, आणि लॉगिनच्या वेळी खातं शोधायला.

मामांचं नाव आता सापडतं. पण पासवर्ड नाकारला जातो, कारण त्यातही 'दऱ्या' आहे! स्क्रॅम या लॉगिनच्या पद्धतीत पासवर्डचा हॅश (उलटवता न येणारा ठसा) क्लायंट, म्हणजे फोनवरचं किंवा लॅपटॉपवरचं ॲप, करतो; लॉगिनच्या वेळी सर्व्हरला मूळ शब्द दिसतच नाही. फोनच्या कीबोर्डवरून आलेला जॉइनर जुने क्लायंट सासलप्रेपनं (स्ट्रिंगप्रेपच्या नाव-पासवर्डांसाठीच्या रूपानं) पुसतात, नवे ठेवतात, आणि लॅपटॉपवर तर ऱ आहे. एका शब्दाचे तीन हॅश. यावर पासवर्डात ऱ आणि जॉइनरला बंदी घालणार होतो, पण मराठी माणसाला ऱ वापरू नको म्हणायला जीव होईना.

हे लिहितानाच दुसरं सुचलं. पासवर्ड ठरवताना तो सर्व्हरकडे टीएलएसच्या सुरक्षित जोडणीतून एकदा येतोच. त्याच वेळी तिन्ही रूपांचे हॅश एकाच सॉल्टनं (हॅश करताना मिसळायच्या यादृच्छिक भरीनं) करून ठेवायचे. लॉगिनला क्लायंटचा पुरावा तिघांशी ताडून पाहायचा, जुळेल त्याच्या सर्व्हर-कीनं, म्हणजे सर्व्हरनं स्वतःची ओळख पटवायच्या किल्लीनं, उत्तर द्यायचं. सॉल्ट एकच हवा, कारण तो पुराव्याच्या आधी पाठवावा लागतो. आज रात्री लिहायला घेतो. मामांना पासवर्ड एकदा नव्यानं द्यावा लागेल, म्हणून रविवारी लॅपटॉप घेऊन कऱ्हाडला जातोय.

तोवर तुमच्या फोनवर 'कऱ्हाड' लिहून बाइट मोजा. १८ आले की २१, ते कीबोर्डच्या नावासह कळवा. २१ आले तर एक्सएक्सडीचं आउटपुटही जोडा.