तुम्ही विचारलंत म्हणून: जनावराला कुणी छळत असेल तर फोन कुणाला करायचा?

हा प्रश्न मला बहुतेक वेळा रात्री येतो, आणि सोबत एक व्हिडिओ असतो. कुणीतरी कुत्र्याला काठीने झोडपतंय, मोबाइल हलतोय, मागून "अरे अरे" ऐकू येतंय आणि खाली एक ओळ: "काहीतरी करा ना." गाव कुठलं, गल्ली कुठली, आजचं की गेल्या वर्षीचं, काही कळत नाही. पाठवणाऱ्यालाही तो कुणीतरी पुढे ढकललेला असतो. अशा व्हिडिओचं मी काहीच करू शकत नाही, आणि पोलीसही फारसं करू शकत नाहीत.

आधी सरळ उत्तर देते. मारहाण डोळ्यांसमोर चालू असेल तर 112. वन्यप्राणी किंवा रानपक्षी असेल तर महाराष्ट्रात वनविभागाचा 1926. (पिंजऱ्यातला हिरवा पोपटही यात आला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तो पाळताच येत नाही, हे सांगितलं की पुष्कळांच्या आज्या माझ्यावर रुसतात.) गाय, म्हैस, शेळी आजारी किंवा जखमी असेल तर पशुसंवर्धन विभागाचा 1962. नंबरांचं काम इथे संपतं. फोननंतर जे करायचं असतं ते कुणी विचारत नाही, आणि प्रकरणं अडतात ती तिथेच.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मालक कोण?" कुणी नाही, गल्लीतला कुत्रा आहे. "मग फिर्यादी कोण?" इथे माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. फिर्यादी तुम्ही. नाव, पत्ता, सही तुमची. ते द्यायची तयारी नसेल तर पुढचं सगळं अवघड आहे, हे मी फोनवरच सांगून टाकते. काहींना ते लागतं, पण लागू दे.

दुसरा घोळ कलमांचा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा आपला मुख्य कायदा 1960 चा. त्यातली 'प्राणी' शब्दाची व्याख्या ऐसपैस आहे, माणूस सोडून कोणताही सजीव. कलम 11 मध्ये मारहाण, उपाशी ठेवणं, आखूड साखळीने बांधून ठेवणं, कारण नसताना सोडून देणं, सगळं येतं. शिक्षा मात्र नावापुरती: पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड. वर यातले बहुतेक गुन्हे अदखलपात्र, म्हणजे पोलीस एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करून घेतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तपास करू शकत नाहीत. एन.सी.ची प्रत हातात पडली की लोक समाधानाने घरी जातात. तिथे काहीही सुरू झालेलं नसतं.

म्हणून जनावर मेलं असेल, त्याला विष घातलं असेल किंवा ते कायमचं अधू झालं असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लावायची मागणी अर्जातच लिहा. यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात. जुन्या दंड संहितेत 428 आणि 429 ही कलमं होती, त्यात जनावराची किंमत 10 रुपये की 50 रुपये असलं गणित होतं. 1 जुलै 2024 पासून नवी संहिता लागू झाली आणि ते गणित गेलं, आता शब्द आहेत 'कोणताही प्राणी'. ठाण्यात सगळ्यांना नवी कलमं तोंडपाठ असतीलच असं नाही, तेव्हा त्या पानाची छापील प्रत सोबत न्या. आवाज चढवण्यापेक्षा ती प्रत टेबलावर ठेवलेली जास्त चालते. तरीही नोंद करून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तक्रार, तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणारा कायदा) कलम 173 प्रमाणे तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येतो, आणि त्यानेही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पोचपावती घेतल्याशिवाय कुठलाच कागद देऊ नका. आणि 1960 च्या कायद्याखाली खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आतच दाखल व्हावा लागतो. "बघू, सण होऊन जाऊ दे" म्हणता म्हणता ही मुदत टळते.

पशुवैद्यकाचा कागदही असाच. 'जखमेवर उपचार केले' एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीचा कोर्टात उपयोग नाही. जखम कुठे, किती लांब, किती जुनी आणि कशाने झाली असावी, हे लिहून मागायचं. विषाची शंका असेल तर हळहळून लगेच पुरू नका. शव सावलीत बर्फात ठेवा, पोलिसांना कळवून पंचनामा आणि शवविच्छेदन करून घ्या. उरलेलं खाणं किंवा उलटी असेल तर उघड्या हाताने न उचलता वेगळ्या पिशवीत भरून ठेवा. पुरलेल्या कुत्र्याची केस उभी करणं फार कठीण.

आता खरं सांगायचं तर मला येणाऱ्या फोनांत काठीवाले कमी असतात. जास्त असतात ते दुर्लक्षाचे. उदाहरण गळ्यातल्या पट्ट्याचंच घ्या. पिल्लू आणलं तेव्हा कौतुकाने पट्टा घातला, पिल्लू वाढलं, पट्टा तेवढाच राहिला. बाहेरून नुसते मानेवरचे केस ओले दिसतात आणि जवळ गेलं की कुजका वास येतो. केस बाजूला केले की कळतं, पट्टा कातडीत रुतलाय आणि वर मांस चढायला लागलंय. तो भूल देऊनच काढावा लागतो, घरी कात्री घेऊन बसायचं नाही. असा मालक क्रूर असतो का? बहुतेक वेळा त्याने महिनोन् महिने कुत्र्याच्या मानेला हातच लावलेला नसतो. ताटली लांबून सरकवायची, बस. कायद्याच्या दृष्टीने हाही छळच, पण इथे मी पोलिसांना आधी बोलवत नाही. शेजारी म्हणून बेल वाजवायची, "काका, कुत्र्याला दवाखान्यात नेऊ या का, मी येते बरोबर," म्हणायचं. बऱ्याचदा लोक ओशाळून लगेच तयार होतात. जे दार आपटतात त्यांच्यासाठी फोटो काढायचे, तारीख टाकायची, आणि मग वरचा सगळा रस्ता आहेच. दोषी ठरलेल्या मालकाकडून जनावर कायमचं काढून घेण्याचा अधिकार 1960 च्याच कायद्यातल्या कलम 29 ने कोर्टाला दिलेला आहे. 50 रुपयांसाठी एवढा आटापिटा कशाला, असं विचारणाऱ्यांना मी हेच कलम दाखवते.

संस्थांबद्दल थोडं. या कायद्याखालच्या 2001 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था असायला हवी. मुंबईतली 1874 पासून आहे, परळचं जनावरांचं हॉस्पिटल तिचंच. तुमच्या जिल्ह्यातली कुठे आहे आणि चालू आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा. नसेल तर तसं उत्तरही लेखीच मागा. बाकीच्या संस्था म्हणजे देणग्यांवर चालणारी माणसं. त्यांच्याकडे एखादी गाडी असते, भरलेले पिंजरे असतात आणि फोन सतत वाजत असतो. "तुमचं कामच आहे ना हे" असं त्यांना ऐकवू नका, ते कुणाचे पगारी नोकर नाहीत.

त्यांना फोन करायच्या आधी एक गोष्ट घरात ठरवून ठेवा. बरं झालेलं जनावर कुठे जाणार? नसबंदी आणि लस झालेला गल्लीतला कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा, असा भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीबद्दलच्या 2023 च्या नियमांचा साधारण दंडक आहे. म्हणजे पाय जुळल्यावर तो तुमच्याच गल्लीत येणार, आणि काठीवाला माणूसही तिथेच राहतो. तेव्हा जखम भरेपर्यंत कोण सांभाळणार, रोज ड्रेसिंगला कोण नेणार, परत आल्यावर त्याच्यावर नजर कोण ठेवणार, ही तीन नावं फोनवर सांगता आली तर समोरचा माणूस गाडी पाठवायला लवकर तयार होतो.