तेरा सेकंदांचं डिझाईन

आमचा टॉवेलचा कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. डिझाईन काढायचा कॉम्प्युटर एका खोलीत आणि नक्षी विणणाऱ्या जकार्डच्या मागाला फाइल देणारा शेजारच्या खोलीत, मध्ये प्लायचं पार्टिशन. पेनड्राइव्हनं दोनदा व्हायरस आणला. नेट लावायला मालक तयार नाहीत. "नेट लावलं की डिझाईन बाजारात" हे त्यांचं ठाम मत. शेवटी दोन ब्लूटूथ डोंगल आणले. पाकिटावर लिहिलेलं, ३ एमबीपीएस.

"एंत सेपु?" किती वेळ, मालकांनी विचारलं. घरी तेलुगू, त्यामुळे घाईत तेच तोंडात येतं. फाइल ४० एमबीची. मी ४० भागिले ३ केलं आणि सांगून मोकळा झालो, तेरा सेकंद.

लागली साडेसात मिनिटं. मालक चहा पिऊन आले तरी हिरवी पट्टी निम्म्यावरच. "काय बे, तेरा सेकंद ना?"

पहिली चूक माझीच. पाकिटावरचे ते मेगाबिट, फाइल मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठनं भागलं की सेकंदाला ३७५ केबी. तेही पूर्ण हाती येत नाहीत. ब्लूटूथ वेळेचे ६२५ मायक्रोसेकंदांचे तुकडे पाडतं. सलग पाच तुकडे पाठवणाऱ्याचे, सहावा समोरच्याला "मिळालं" म्हणायला. या सहा तुकड्यांत जास्तीत जास्त १०२१ बाइट जातात. हिशोब केला तर सेकंदाला २.१८ मेगाबिटच्या आसपास येतो. म्हणजे सगळं सुरळीत असलं तरी अडीच मिनिटं लागणारच. पण मला त्याच्या तिप्पट लागत होती, ते का?

फाइल पाठवून घड्याळ बघण्यात हार्डडिस्कचा वेळही मिसळतो. म्हणून दोन्ही कॉम्प्युटर ब्लूटूथवरूनच नेटवर्कसारखे जोडले आणि नेटवर्कचा वेग मोजणारं आयपर्फ चालवलं. एकाला नुसतं ऐकत बसवलं, दुसऱ्यानं साठ सेकंद डेटा ओतायचा. असं पाच वेळा करून मधला आकडा वहीत लिहायचा. आला सेकंदाला ०.७ मेगाबिट.

संशय मागांवर. एवढ्या मोटारी, एवढा खडखडाट! जेवणाच्या सुट्टीत माग थांबले, कानात नुसता सूं आवाज राहिला. एका हातात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दुसऱ्या हातानं कीबोर्ड (तेलाचा डाग अजून आहे). आकडा ०.६९. माग बिचारे निर्दोष.

मग शेजारच्या ऑफिसातला वायफाय. ब्लूटूथसारखा तोही २.४ गिगाहर्ट्झवरच. त्यांना विनंती करून दहा मिनिटं राउटर बंद ठेवला. ०.८. ब्लूटूथ एका चॅनलवरून दुसऱ्यावर सेकंदाला १६०० पर्यंत उड्या मारतं, ७९ चॅनलमधली गजबजलेली टाळतं, म्हणून फार फरक पडला नसावा.

उत्तर सापडलं शनिवारी, तेही शोधत नसताना. घरी न्यायला बॅकअपची हार्डडिस्क काढली, तेव्हा आयपर्फ चालूच होतं. पडद्यावर आकडे ०.७, ०.७, आणि एकदम १.३. डिस्क परत लावली, पुन्हा खाली. डोंगल आणि डिस्क मागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या पोर्टांत शेजारी शेजारी, मध्ये बोटभर जागा नाही. यूएसबी ३.० चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, हे इंटेलनं २०१२ सालीच लिहून ठेवलंय. आम्हाला कळायला डिस्क उपटावी लागली.

मीटरभराची यूएसबी एक्स्टेन्शन केबल आणली, डोंगल पार्टिशनला टेपनं चिकटवलं. डिस्क चालू असतानाही १.४ यायला लागले.

सोमवारी मालकांनी स्वतः घड्याळ धरलं. तीन मिनिटं पन्नास सेकंद. घड्याळ खाली ठेवून म्हणाले, "बरं. आणि ते तेरा सेकंद कधी?"