तुम्ही विचारलंत म्हणून : परदेशातल्या पोलिओसाठी आपल्या गावात वर्गणी का?

दर वर्षी ऑक्टोबरात आम्ही रोटरी या जागतिक सेवासंस्थेची मंडळी पोलिओनिधीची पावतीपुस्तके घेऊन बाहेर पडलो की कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतेच. मागच्या खेपेस बेळगावजवळच्या खानापुरातील एका दुकानदारांनी विचारले, "बाई, आपल्या शाळेचे छप्पर गळते आहे आणि तुम्ही पाकिस्तान-अफगाणिस्तानातल्या मुलांसाठी पैसे मागता, हे कसे?" प्रश्न रास्त आहे. दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या दिलेले उत्तर मला अपुरे वाटले, म्हणून ते येथे नीट मांडते.

मी प्राथमिक शाळेत असताना आमच्या वर्गातील एका मुलीच्या पोलिओ झालेल्या पायाला कॅलिपर, म्हणजे पट्ट्यांनी बांधायचा आधार, असे. खानापूरचा पाऊस ज्यांनी काढला आहे त्यांना कळेल, की जूनपासून गणपतीपर्यंत त्या कॅलिपरचे चामडी पट्टे कधी वाळतच नसत. ओल्या पट्ट्यांनी तिची पोटरी सोलून निघे आणि ती आठवडा-आठवडा शाळेत येत नसे. पुढे मी शिक्षिका झाले, पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर बसून मुलांच्या करंगळीला शाई लावू लागले, तेव्हा ते काम मला कधी वरून लादलेले वाटले नाही.

त्या थेंबांमागचा पैसा मात्र केवळ आपला नव्हता. रोटरीने 1985 मध्ये पोलिओविरुद्ध जगभर मोहीम हाती घेतली, आणि ज्यांनी बेळगावचे नावही ऐकले नसेल अशा दूरदेशीच्या माणसांनी जमवलेला निधी भारतातल्या लसीकरणालाही लागला. 2003 मध्ये कर्नाटकात पोलिओचे 36 रुग्ण आढळले होते; 2009 मध्ये देशभरात 741 होते. शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. आता नैसर्गिक विषाणूचे ठाणे पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोनच देशांत उरले आहे. पण तेथे तो असेपर्यंत इतरांनाही निर्धास्त राहता येत नाही. आफ्रिका खंड 2020 मध्ये त्यातून मुक्त घोषित झाला होता, तरी मलावीतील एका मुलीला पोलिओ झाल्याचे 2022 मध्ये निष्पन्न झाले, आणि त्याचा विषाणू पाकिस्तानातील विषाणूच्या वंशातला निघाला.

राहिला प्रश्न पैसे कसे जमवतो याचा, आणि येथे आमची एक चूक सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षी आम्ही बेळगावात नाट्यसंगीताची संध्याकाळ ठेवली. सभागृह भरले, गायनही रंगले. पण भाडे, ध्वनिक्षेपक, फुलांची सजावट आणि पाहुण्यांच्या शाल-श्रीफळात तिकिटांचे बहुतेक पैसे गेले, आणि ज्या कामासाठी लोकांनी तिकिटे घेतली त्याच्या वाट्याला लाज वाटावी इतकेच उरले. तेव्हापासून नियम केला, की कार्यक्रमाचा खर्च आधी सभासदांनी आणि ओळखीच्या व्यापाऱ्यांनी उचलायचा, तो जमला नाही तर कार्यक्रमच करायचा नाही, आणि लोकांकडून आलेला प्रत्येक रुपया निधीतच जायचा. जागतिक पोलिओ दिन 24 ऑक्टोबरला येतो, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. म्हणून आता आम्ही फराळाची विक्री करतो. बचत गटांच्या बायका चकल्या, करंज्या करतात, त्यांची मजुरी ठरल्याप्रमाणे चुकती होते (परोपकाराच्या नावाखाली कोणाचे श्रम फुकट घेणे मला मान्य नाही), शिधा देणगीतून येतो आणि कुंदा मिठाईवाले देतात. पाट्या मराठी आणि कन्नड दोन्हींत लावतो, कारण दोन्ही भाषांची माणसे फराळ नेतात. आमच्या रोटरी प्रांतात गोवा, बेळगाव आणि कोल्हापूर एकत्रच येतात, त्यामुळे चंदगडकडूनही मागणी येते.

जमलेली रक्कम आम्ही परस्पर परदेशी पाठवत नाही. ती रुपयांतच रोटरी फाउंडेशन इंडियाकडे जाते. 2000 रुपयांहून अधिक देणगी रोख दिल्यास आयकराची सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम धनादेशानेच घेतो. रोटरीने वर्षाला जमवलेल्या 5 कोटी डॉलरपर्यंतच्या पोलिओनिधीत गेट्स फाउंडेशन दुपटीची भर घालत आले आहे. तुमचे शंभर रुपये तेथे तीनशेचे होतात ते यामुळे.

आणि छप्पर? त्याचीही वर्गणी आम्ही काढली आहे, पण त्याचे पावतीपुस्तक वेगळे आहे आणि एकाचा पैसा दुसऱ्याकडे कधीही वळवला जात नाही. दुकानदारांना मी दोन्ही पुस्तके दाखवली. त्यांनी छपराची पावती फाडायला सांगितली, आणि पोलिओचा हिशेब लागला की तो आणून दाखवा, मग पुढच्या वर्षीचे बघू, असे म्हणाले. हिशेब लागला आहे. या आठवड्यात तो घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे.