आधी लक्ष तपासा, स्मरणशक्ती नंतर

मनोवस्थेची तपासणी पेशंट दारातून आत येतो तेव्हाच सुरू होते. चाल, कपडे, नजर, उत्तराआधीची थांबण्याची वेळ, हे सगळं मी पहिल्या दोन मिनिटांतच टिपून घेतो. मनःस्थिती पेशंटच्याच शब्दांत लिहितो, चेहऱ्यावर मला काय दिसलं ते वेगळ्या ओळीत. नुसतं 'उदास' लिहिलं की पुढच्या भेटीत तुलना कशाशी करणार? आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ विचारतो. विचारल्याने ते डोक्यात येत नाहीत, उलट बऱ्याच जणांना बोलायला वाट मिळते.

मग आकलनाच्या चाचण्या. चष्मा आणि श्रवणयंत्र लावलंय ना, हे आधी बघावं. ऐकूच न आलेल्या शब्दाला 'विसरला' म्हणणं हा अन्याय आहे.

सगळ्यात पहिलं लक्ष. आठवड्याचे वार किंवा महिने उलटे म्हणायला सांगतो. मग सेकंदाला एक या गतीने अंक वाचतो आणि ते परत म्हणायला लावतो. सरळ क्रमाने पाच ते सात, उलट क्रमाने चारेक जमायला हवेत. इथेच घसरण झाली तर स्मृतीच्या गुणांना अर्थ राहत नाही, कारण शब्द आत शिरलेलेच नसतात. आणि हे लक्ष काही तासांत कमीजास्त होत असेल, तर आधी डिलिरियमचा, म्हणजे शारीरिक कारणाने अचानक आलेल्या गोंधळलेल्या अवस्थेचा विचार करावा: संसर्ग, रक्तातल्या सोडियमची गडबड, नुकतंच सुरू झालेलं औषध.

लक्ष ठीक असेल तर एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द देतो, ते म्हणवून घेतो आणि पाच मिनिटांनी विचारतो. आठवलं नाही तर 'एक फळ होतं' असा धागा देतो. धाग्याने आठवलं तर साठवण शाबूत आहे, शोधणं अडतंय. नैराश्यात असं दिसू शकतं. धाग्यानेही काही हाती लागलं नाही तर अल्झायमरची शंका वाढते.

१९७५ साली आलेली एमएमएसई (मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन) ही स्मृती, लक्ष, भाषा थोडक्यात तपासणारी ३० गुणांची चाचणी. २४ च्या खाली गेलं की धोका, असा ढोबळ नियम आहे, पण कमी शिकलेला निरोगी माणूस त्यात सहज नापास होतो आणि उच्चशिक्षिताचा सुरुवातीचा आजार २८ गुणांआड लपतो. म्हणून घड्याळाचं चित्र काढायला लावतोच, अकरा वाजून दहा मिनिटांचं. मिनिटकाटा २ ऐवजी १० या आकड्यावर गेला तर नियोजनात गडबड आहे का, ते पाहतो.

उत्तर देण्याआधी मान सोबतच्या माणसाकडे वळली तर तेही नोंदवतो, आणि नातेवाइकांकडून माहिती वेगळ्या खोलीत घेतो.