खत नको असलेला वाफा

घरामागच्या जेमतेम दहा चौरस मीटर जागेत मधमाश्यांसाठी रानफुले लावायची, असे ठरवले तेव्हा हे काम एका हंगामात आटोपेल, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात तीन वर्षे लागली आणि त्यातले पहिले वर्ष माझ्याच हौसेपायी वाया गेले. भाजीच्या वाफ्याची करतो तशी मी त्या जमिनीची मशागत केली, भरपूर कंपोस्ट मिसळले आणि बी पेरून वर माती ओढली. थोड्याच दिवसांत गुडघाभर गवत माजले. फुले मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सुपीक जमिनीत जोमदार गवत आधी मुसंडी मारते आणि रानफुलांची नाजूक रोपे त्याच्या सावलीत खुरटतात, हे मला ठाऊक नव्हते. निकस माती त्यांच्या पथ्यावरच पडते.

दुसऱ्या वर्षी वरची चार बोटे माती खरवडून भाजीच्या वाफ्यात टाकली, गवताची मुळे हाताने वेचली आणि त्या भागात मूळचीच असलेली फुले निवडली. बी इतके बारीक होते की चिमटीतून एकाच जागी ढीग पडे. म्हणून ते कोरड्या वाळूत मिसळून पसरले. वाळूच्या फिकट रंगामुळे कुठे पेरले आणि कुठे राहिले, हेही कळते. मग त्यावर माती न ओढता ते नुसते पायाने दाबले, कारण अशा अनेक बारीक बियांना रुजण्यासाठी उजेड लागतो. एकवर्षायू झाडे त्याच हंगामात फुलली. बहुवर्षायू मात्र नुसत्या पानांवर थांबली आणि ती तण समजून उपटण्याचा मोह मला कितीदा तरी आवरावा लागला.

रिकाम्या जागा भरण्यासाठी मी रोपवाटिकेतून गेंदासारख्या भरगच्च फुलांची काही रोपे आणली, पण त्यांच्यावर एकही माशी टिकेना. अशा दुहेरी फुलांत बऱ्याचदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे पराग फारसा उरत नाही आणि मकरंद असला तरी तिथवर पोहोचणे अवघड जाते. शिवाय रोपांवर कोणते कीटकनाशक वापरले आहे, हे विक्रेत्याला सांगता आले नाही. निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशके झाडाच्या रसातून मकरंदात आणि परागात उतरतात. मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळेच युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्यांतील तिघांच्या उघड्यावरील वापरावर बंदी घातली. ती रोपे मी काढून टाकली.

तिसऱ्या वर्षी वाफा भरला आणि मग मी फुलांपेक्षा मातीकडेच अधिक पाहू लागलो. कडेच्या उघड्या जमिनीत पेन्सिल टोचल्यासारखी भोके होती आणि प्रत्येकाभोवती भुसभुशीत मातीचे कडे होते. मुंग्यांची बिळे समजून मी त्यांत आधी पाणीही ओतले होते, याची आजही लाज वाटते. एका सकाळी करड्या रंगाची एक लहानशी माशी मागचे पाय परागाने पिवळे करून आली, भोकावर दोनदा घिरट्या घालून आत शिरली आणि काही वेळाने स्वच्छ पायांनी बाहेर पडली. जगात मधमाश्यांच्या २०,००० हून अधिक जाती आहेत. त्यांतील बहुसंख्य पोळे न करता एकेकट्या राहतात आणि पुष्कळशा जमिनीतच घर करतात. ती पट्टी मी तेव्हापासून खणलेली नाही, पालापाचोळ्याने झाकलेलीही नाही.

त्याच सुमारास गुलाबाच्या पानांच्या कडा कुणीतरी गोल कातरल्यासारख्या दिसू लागल्या. औषध फवारायच्या बेतात असतानाच पानाचा हिरवा तुकडा पोटाशी धरून उडणारी माशी दिसली आणि मी पंप खाली ठेवला. वाळलेले देठ दरवर्षी मुळापासून कापायचो, त्या वर्षी मात्र वीतभर उंचीचे राखले. त्यांतल्या एका पोकळ देठाचे तोंड पानांच्या गोल चकत्यांनी घट्ट बुजवलेले सापडले. त्या चकत्या पुढे तपकिरी पडून वाळल्या. हवा पुन्हा उबदार झाल्यावर पाहिले, तेव्हा त्यांच्या मधोमध एक भोक पडलेले होते.