शाकोन, बार ८९ ते १२०: पंचमाच्या जोडीचा गुंता सुटू लागला

मी व्हायोलिनवर बाखचा शाकोन, म्हणजे एकट्या व्हायोलिनसाठीची त्याची रचना, बसवतो आहे. तिच्यातला अर्पेजिओचा भाग (बार, म्हणजे स्वरलिपीतले तालाचे खंड, ८९ ते १२०; यात कॉर्डचे स्वर एकामागून एक वाजतात) मागच्या नोंदीत जिथे अडला होता, तिथून तो या आठवड्यात पुढे सरकला. त्याचे श्रेय व्हायोलिनवादक नेथन मिलस्टाइनच्या जुलै १९८६ मधील स्टॉकहोमच्या मैफलीच्या चित्रीकरणाला आहे. चित्रपटकार क्रिस्टोफर नुपेन यांनी ती मैफल टिपली तेव्हा मिलस्टाइनचे वय ८२ होते. त्यानंतर पडून डावा हात मोडल्यामुळे त्याचे वादन कायमचे थांबले.

या भागात बाखने पहिला नमुना लिहून दाखवला आहे आणि पुढे केवळ कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) मांडून अर्पेजिओ अशी सूचना दिली आहे. गज तीन-चार तारांवरून कसा फिरवायचा, हे वादकानेच ठरवायचे असते. गजाचा प्रश्न मला तुलनेने लवकर सुटला, कारण मनगटाऐवजी कोपराची उंची तारेप्रमाणे बदलली की आवाज स्वच्छ येतो. खरी अडचण डाव्या हाताची होती. एकाच बोटाने शेजारच्या दोन तारा दाबून पंचमाची जोडी (सा-प इतक्या अंतराचे दोन स्वर) धरायची असेल तिथे माझी तर्जनी हटकून दगा देत होती आणि वरचा स्वर लागला तर खालचा उतरलेला ऐकू येत होता.

दोष बोटाचा की तारांचा, हे ठरवण्यासाठी मी तीच जोडी प्रत्येक बोटाने वाजवून पाहिली. सगळ्याच बोटांनी पंचम एकाच बाजूला ढळत असेल तर तारांवर संशय घ्यावा आणि एकाच बोटाने ढळत असेल तर त्या बोटाचा कल तपासावा, असा साधा हिशेब आहे. डी आणि ए या तारांवर सर्व बोटांनी डीचा स्वर किंचित खाली येत होता. ए आणि ई या तारांवर मात्र फक्त तर्जनीच चुकत होती. म्हणजे दोन वेगळी कारणे एकमेकांत मिसळली होती आणि म्हणूनच इतके दिवस काही उमगत नव्हते.

तारेचे कारण सोपे निघाले. ए तार नवी होती आणि डी तार जुनी. जुनी तार सर्वत्र सारखी जाड राहत नाही, त्यामुळे एकाच जागी दाबूनही शुद्ध पंचम मिळत नाही. मुंबईच्या एका दुकानाने पाठवलेल्या डी तारेच्या वेष्टणावर पाकीट उघडताच काळपट डाग दिसले, ती मी परत केली. मडगावच्या दुकानात डॉमिनंट या कृत्रिम गाभ्याच्या तारांचा पूर्ण संच मिळाला. गोव्याच्या आषाढात आतड्याचा गाभा असलेली तार दमट हवा शोषून सतत सूर बदलते, खुंट्या फुगून अडकतात आणि गजाचे केस लांबून सैल पडतात. अशा हवेत कृत्रिम गाभ्याची तारच विश्वासाची, हे माझे ठाम मत आहे. आता डी-एचा पंचम सरळ लागतो आणि त्याचा आनंद मी रोज सरावाच्या आरंभी घेतो.

तर्जनीचे मात्र तसे नव्हते. तिचे शेवटचे पेर पावसाळ्यात आखडते आणि बोट सपाट न टेकता एका कडेवर पडते. घोडीची (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीची) उंची कमी करून घ्यावी, असे मी ठरवत आलो होतो. त्याच सुमारास स्टॉकहोमचे चित्रीकरण पुन्हा लावले. मिलस्टाइनची डावी तर्जनी त्या मैफलीत त्रास देत होती, म्हणून त्याने बोटांची ठरलेली मांडणी वाजवता वाजवता बदलली. समोर श्रोते बसलेले, साथीला पियानोवर जॉर्ज प्लुदेरमाशेर आणि कार्यक्रमात बेथोवेनचा ‘क्रॉइट्झर’ सोनाटा व हाच शाकोन! मी आवाज बंद करून, वेग निम्मा करून फक्त डावा हात पाहत राहिलो. ओदेसात स्तोल्यार्स्की आणि नंतर लिओपोल्ड आउअर यांच्याकडे शिकलेल्या या वादकाला बोटांची मांडणी म्हणजे शिलालेख वाटत नव्हता.

घोडी तशीच राहू दिली. कॉर्ड एकदम वाजवायची असती तर तर्जनीने दोन्ही तारा एकाच क्षणी अचूक दाबणे भाग होते. अर्पेजिओत स्वर एकामागून एक येतात, त्यामुळे जी तार वाजते आहे तिच्याकडे बोटाचा भार किंचित झुकवता येतो. जिथे तेही जमत नाही तिथे तर्जनी सोडून मधले बोट आणि अनामिका एकमेकांना खेटून दोन तारांवर ठेवली. संथ लयीत ८९ ते १०४ हे बार आता सुरात येतात. हे लिहितानाच वाटते आहे की उरलेले बार तिसऱ्या पोझिशनमध्ये (हात तारांवर घोडीच्या दिशेने सरकवून) घेऊन पाहावेत, कारण तिथे बोटे आपोआप जवळ येतात. त्यामुळे लय वाढवण्याचा बेत पुढे ढकलतो आणि आधी नव्या मांडणीने पेन्सिलच्या खुणा करतो.

डी मेजरच्या भागातल्या २०१ ते २०८ या बारांत अर्पेजिओ पुन्हा येतो. तिथे खेटलेल्या बोटांची मांडणी कोणी वापरली असल्यास चौथे बोट (करंगळी) मोकळे कसे ठेवले, ते कृपया सविस्तर कळवावे.