जीआरईचे शब्द, नाव आणि नॉशिया

भाचीचं जीआरई, म्हणजे परदेशात एमएस वगैरेला लागणारी प्रवेश परीक्षा, त्याची तयारी चालू आहे, त्यामुळे आमच्या घरी सध्या जो जास्त बोलेल त्याला लगेच 'लोक्वेशस' म्हणतात. तिनं कुठूनतरी ए टू झेड शब्दांची यादी डाउनलोड केलीये आणि रोज सकाळी अबेट, अ‍ॅबेरंट, अबेयन्स, अ‍ॅबस्काँड असं मंत्रपुष्पांजलीसारखं म्हणत बसते. अशा यादीत एमच्या पुढे गेलेला माणूस मी तरी अजून पाहिला नाहीये, आणि सगळे एकसारखेच सुरू होतात म्हटल्यावर दोन दिवसांनी कशाचा अर्थ काय ते राहतंय कुणाच्या लक्षात!

मी तिला म्हटलं, मुळापासून धर गं. लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप. कळपात रमणारा तो ग्रिगेरियस, कळप जमला की काँग्रिगेट, वेगळा काढला की सेग्रिगेट, आणि कळपाबाहेर उठून दिसणारा तो इग्रीजस. गंमत म्हणजे हा शब्द आधी चांगल्या अर्थानं वापरायचे, आता फक्त भयंकर वाईट गोष्टींना. एका दगडात चार पक्षी.

आणि आपल्याला तर संस्कृत शब्दांचा आयता फायदा आहे. दंत-डेंटल, मृत-मॉर्टल हे सगळ्यांना माहीत असतं, पण वाचा आणि व्होसिफरस, म्हणजे आरडाओरडा करणारं? किंवा स्वप्न आणि सोपोरिफिक, म्हणजे झोप आणणारं? (आमच्या कॉलेजची काही लेक्चर्स.) नाव (होडी या अर्थानं) आणि नॅव्हिगेट तर आहेच, पण नॉशियासुद्धा त्यातलाच, ग्रीक 'नाउस' म्हणजे जहाज आणि जहाज लागून मळमळतं ते नॉशिया. हे ऐकल्यावर ती परत विसरली नाही. विल्यम जोन्स या ब्रिटिश न्यायाधीशानं १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिनचं नातं सांगितलं ते आपल्याला जीआरईला असं उपयोगी पडतंय.

पण दिसलं सारखं की लाव नातं, असं नाही चालत हं. पेडेस्ट्रियनमध्ये आपलं पद आहे, पीडियाट्रिशियनमध्ये नाही, तिथे मूल म्हणजे बाळ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. अ‍ॅपथी, सिंपथीमध्ये पथ शोधायला गेलात तर रस्ता चुकलाच.

आणि नुसता अर्थ कळून भागत नाही. भाचीनं वाक्य केलं, 'दि वडापाव वॉज इग्रीजस'. अर्थ बरोबर, पण कुणी असं म्हणत नाही, इग्रीजस म्हटलं की पुढे एरर, ब्लंडर असलं काहीतरी येतं. २०११ पासून जीआरईत अँटोनिम्स (विरुद्धार्थी शब्द) आणि अ‍ॅनालॉजी (शब्दांच्या जोड्यांमधलं साम्य) नाहीतच, शब्द वाक्यातच विचारतात. सेंटेन्स इक्विव्हॅलन्स नावाच्या प्रश्नात वाक्यातल्या गाळलेल्या जागेसाठी ६ पर्यायांतले २ निवडायचे, दोन्ही घालून वाक्याचा अर्थ सारखाच राहिला पाहिजे, आणि एकच बरोबर आला तर अर्धे मार्क पण नाहीत.

म्हणून आता आम्ही सारख्या अर्थाच्या शब्दांच्या जोड्या लावतो. काल टॅसिटर्न आणि रेटिसंटवर वाद झाला, माझं म्हणणं टॅसिटर्नचा स्वभावच कमी बोलायचा आणि रेटिसंट मनातलं बाहेर काढत नाही. भाची म्हणाली, मावशी, दोन्ही म्हणजे बाबाच की.